एका भोकाचा इतिहास: दापोडीची शॉप आणि घरचं मिलिंग मशिन

आज आपण भोकाचा इतिहास पाहू. हसू नका! एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा दापोडीची, कापणारी हत्यारं बनवणारी सँडविक एशियाही दापोडीची. लोखंडाला भोक पाडणं हे या पट्ट्यात कित्येक घरांचं पोट आहे.

समजा, निवृत्त फिटरने घरामागच्या शेडमध्ये जुनं छोटं मिलिंग मशिन बसवलंय. १२ मिमी जाडीच्या पट्टीत ५० मिमीचं भोक पाडायचं काम आलं. एवढ्या ड्रिलला चार नंबरचा मोर्स टेपर लागतो. त्याच्या स्पिंडलला दोन किंवा तीन नंबरचाच. मग काम मोठ्या रेडियल ड्रिलवाल्याकडे जायचं आणि पैसेही तिकडेच. छोट्या कारागिराचं परावलंबन असं एका टेपरमध्ये अडकलेलं होतं.

यावरचा विचार मात्र फार जुना. प्राचीन इजिप्तमध्ये तांब्याची नळी आणि वाळू घेऊन दगडाला भोक पाडत. सगळा दगड दळायचा नाही, फक्त कडेचं वर्तुळ घासायचं. मधला गाभा आपोआप सुटतो. पोलादासाठी हीच कल्पना अमेरिकेतल्या फ्लिंट या मोटारींच्या गावी डग्लस हॉगेन यांनी पुढे नेली. त्यांची कंपनी १९५९ची. त्यातून आलेला ॲन्युलर कटर आपल्या बाजारात ब्रोच कटर किंवा कोअर कटर म्हणून मिळतो.

हिशेब करून बघा. दातांची रुंदी ४ मिमी धरली, तर ५० मिमीच्या भोकासाठी ड्रिलच्या मानाने जेमतेम ३० टक्के धातू कापावा लागतो. म्हणून कमी ताकदीच्या मशिनलाही ते झेपतं.

पण कटर आणला म्हणजे झालं, असं नाही. खरी गोम आर्बरमध्ये आहे. बहुतेक कटरचा शँक वेल्डन पद्धतीचा, १९.०५ मिमी म्हणजे पाऊण इंची, दोन सपाट बाजूंचा. तो मुळात मॅग्नेटिक ड्रिलसाठी. पण माप ठरलेलं असल्यामुळे आपल्या स्पिंडलच्या टेपरचा, पाऊण इंची भोकाचा आर्बर मिळाला की कटर बसतो. ग्रब स्क्रू सपाट बाजूवरच घट्ट करायचे, नाहीतर शँक आत फिरतो.

दुसरी गोष्ट पायलट पिनची. मॅग्नेटिक ड्रिलच्या आर्बरमध्ये पिनमागे स्प्रिंग असते; तीच शेवटी गाभा बाहेर ढकलते. साध्या एंडमिल होल्डरमध्ये ही सोय नसते. मग गाभा कटरमध्ये अडकतो, आणि दुसरं भोक सुरू करताच दात तुटतात. म्हणून पिनला मागे सरकायला जागा आहे का, हे आधी तपासावं. मशिन बंद करून गाभा काढावा. गरम असतो, हात लावू नये.

हायस्पीड स्टीलच्या कटरला माइल्ड स्टीलमध्ये मिनिटाला साधारण १६० फेरे पुरतात. तेल सोडत राहायचं, जॉब पक्का बांधायचा, फीड मध्येच थांबवायची नाही.

तर आपण काय पाहिलं? मोठं मशिन न घेता मोठं काम घरी आलं, ते नुसत्या धारेमुळे नाही. शँकचं एक माप सगळ्यांनी मान्य केलं, म्हणून आलं. यंत्राच्या इतिहासात शोध लावणाऱ्याचं नाव राहतं. पण शेडमधल्या कारागिराचं पोट भरतं ते अशा ठरलेल्या मापांवर. आता तुमचे प्रश्न घेऊ.