घासणं आणि राहू देणं

आपण भांडी घासतो, फरशी घासतो आणि दातही घासतो. क्रियापद एकच. वाग्भटाच्या काळी रुई, वड, खैर, करंज यांच्या काड्या चावून दंतधावन व्हायचं. पुढे राखुंडी, मीठ-कोळसा आणि भाजलेल्या तंबाखूची मिश्री. निफाड तालुक्यातल्या पिंपळगाव बसवंतसारख्या गावात आजीची मिश्री, वडलांचं लाल मंजन आणि नातवाची ट्यूब एकाच मोरीवर दिसली तर नवल नाही. मिश्रीत दात हे निमित्त, खरी गोष्ट तलफ. १९९२ साली टूथपेस्ट आणि टूथपावडरमध्ये तंबाखू वापरायला देशभर बंदी आली. पण चुलीवर तव्यात भाजलेली मिश्री कुठल्या कायद्याला सापडणार?

काडी असो की मंजन, रीत तीच: चोळा, मळ काढा, खळखळून चूळ भरा.

फ्लोराइडचं काम वेगळं. तोंडात आम्ल झालं की दातातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटतं. लाळेतून तेच खनिज परत बसायला फ्लोराइड मदत करतं, आणि नवा थर आधीपेक्षा चिवट होतो. त्यासाठी ते दातावर राहायला हवं. म्हणून पेस्ट थुंकायची, पण चूळ भरून धुऊन टाकायची नाही. घरातल्या म्हाताऱ्यांना हे सांगून पाहा!

अमेरिकेतही हे सहज जमलं नाही. १९४० च्या दशकात सोडियम फ्लोराइड घातलेल्या पेस्ट तपासल्या गेल्या आणि फसल्या. पेस्टमधला खडू फ्लोराइडला धरून बसायचा. घासायचा पदार्थच औषध गिळत होता. मग इंडियाना विद्यापीठात जोसेफ म्यूलर आणि सहकाऱ्यांनी स्टॅनस फ्लोराइडला चालेल अशी दुसरी पूड शोधली, आणि १९५५ साली 'क्रेस्ट' बाजारात आली. खडूशी जमवून घेणारं सोडियम मोनोफ्लुरोफॉस्फेटही पुढे रुळलं. आपल्याकडच्या बऱ्याच ट्यूबांवर बारीक अक्षरात तेच नाव सापडेल.

पण घरात कवळी आली की ट्यूबचं काय करायचं? एकोणिसाव्या शतकात कवळीचा पाया कडक केलेल्या रबराचा असे. १९३७ च्या सुमारास ॲक्रिलिक आलं. ॲक्रिलिकमध्ये खनिज नाही, त्यामुळे फ्लोराइडला तिथे काही काम नाही. उलट पेस्टमधली पूड त्यावर चरे पाडते आणि चऱ्यांत बुरशी मुक्काम करते. कवळीला मऊ ब्रश, सौम्य साबण आणि रात्री वाटीभर पाणी पुरतं. मंजनाने तर ती मुळीच घासू नये.

खरी पंचाईत अर्ध्या कवळीची. काही दात गेले, काही उरले; उरलेल्यांना तारेचा आकडा अडकवून कवळी बसते. घरचे म्हणतात, झालं, प्रश्न मिटला. पण त्या आकड्याखालीच अन्न साचतं, आणि वयाने हिरडी उतरून मूळ उघडं पडलेलं असतं. दाताच्या वरच्या भागातलं एनॅमल साधारण ५.५ पीएचला विरघळू लागतं. मुळावर एनॅमल नसतं, ते सहाच्या वरच सुटायला लागतं. त्यात काही औषधांनी लाळ कमी झालेली. शिवाय हा द्राक्षांचा मुलूख: हंगामात येता-जाता दोन मणी तोंडात टाकायची सवय कुणाला नाही? मण्यात साखरही आहे, आम्लही. आकड्याचा दात गेला की कवळीचा आधार जातो, आणि पुन्हा नवी कवळी, नवा खर्च.

ब्रिटनमध्ये अशा मुळांसाठी दंतवैद्य २८०० किंवा ५००० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट लिहून देतात. आपल्याकडे टूथपेस्टची मर्यादा १००० पीपीएम. यवतमाळ-चंद्रपूरकडे फ्लोराइडचं पाणी पिऊन डागाळलेले दात पाहिले की जास्तीची भीती कळते. पण परिणाम असा, की सत्तरीतली आजी आणि दहा वर्षांचा नातू एकच ट्यूब वापरतात. आजीसाठी निदान दंतवैद्याकडून उघड्या मुळांना फ्लोराइडचं वार्निश लावून घेता येतं. आणि रात्री कवळी वाटीत ठेवल्यावर, उरलेल्या चार दातांना पेस्ट लावून ती तशीच राहू देता येते.