तालीम, कवायत, शारीरिक शिक्षण : वऱ्हाडातील एका शालेय विषयाचा शब्देतिहास

शाळेच्या वेळापत्रकात विषयाचे जे नाव लिहिले जाते, त्यात त्या विषयाचा इतिहास बहुधा साठवलेला असतो. महाराष्ट्राच्या माध्यमिक अभ्यासक्रमात आज 'आरोग्य व शारीरिक शिक्षण' या नावाचा एक विषय आहे. त्याचे मूल्यमापन गुणांनी न होता श्रेणीने होते. अमरावती-यवतमाळ मार्गावरील नांदगाव खंडेश्वर या तालुक्याच्या गावी, किंवा वऱ्हाडातील अशाच कोणत्याही गावी, नववी-दहावीचा विद्यार्थी या तासासाठी मैदानावर उभा राहतो तेव्हा त्याच्या कानांवर पडणारे शब्द मात्र एका काळातले नसतात. ते कोणत्या क्रमाने आले आणि प्रत्येक शब्दाबरोबर शिकविण्याची रीत कशी बदलत गेली, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सर्वांत जुना थर आखाड्याचा. संस्कृत 'अक्षवाट' व प्राकृत 'अक्खाड' यांतून आलेला 'आखाडा' हा शब्द वऱ्हाड-नागपूरकडे विशेष रुळला. पश्चिम महाराष्ट्रात त्याच ठिकाणास 'तालीम' म्हणण्याचा प्रघात पडला. 'तालीम' हा मूळचा अरबी शब्द असून त्याचा अर्थ शिक्षण असा आहे. 'कसरत' हाही अरबी. वस्ताद, जोर व खुराक हे फारसी. मल्लखांब, दंड, बैठक हे देशी परंपरेतील. या मिश्र शब्दसमूहाचा एक विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. त्यात गुरू व शिष्य यांच्यासाठी 'वस्ताद' आणि 'पठ्ठा' असे एकास एक नाते दाखविणारे शब्द आहेत. समूहाला उद्देशून बोलण्याचे शब्द जवळजवळ नाहीत. वस्ताद सांगे थोडे, आणि हाताने धरून दुरुस्त करी फार.

दुसरा थर फौजेचा. 'कवायत' हा शब्द 'नियम' या अर्थाच्या अरबी शब्दाच्या अनेकवचनावरून आला आहे. महादजी शिंदे यांनी १७८४ मध्ये द बॉयन्य यास नोकरीस घेऊन पलटणी उभ्या केल्या. तेव्हापासून 'कवायती फौज' हा प्रयोग मराठीत स्थिरावला. इंग्रजी अमदानीत शाळा आल्या आणि त्यांच्याबरोबर 'ड्रिल' व 'ड्रिलमास्तर' हे शब्दही आले. ही जागा पुष्कळदा सैन्यातून निवृत्त झालेल्या शिपायाकडे जाई. नियम आणि रांग यांचे हे शिक्षण होते. शरीर कसे घडते याचा विचार त्यात फारसा नव्हता. अशा रीतीने एकाच गावात सकाळी आखाडा आणि दुपारी ड्रिल अशा दोन स्वतंत्र व्यवस्था नांदू लागल्या. त्यांचा परस्परांशी संबंध नव्हता, आणि प्रतिष्ठा दोहोंनाही बेताचीच होती.

या दोन व्यवस्था एकत्र आणण्याचा वऱ्हाडातील मोठा प्रयत्न अमरावतीस झाला. अंबादासपंत व अनंत वैद्य या बंधूंनी १९१४ मध्ये स्थापन केलेली संस्था पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या नावाने प्रसिद्धीस आली. नावातील 'प्रसारक' हा शब्द अर्थपूर्ण आहे. आखाडा शिष्य घडवितो. प्रसारकास शिक्षक घडवावे लागतात. मंडळाने १९२४ मध्ये उन्हाळी सुटीत शारीरिक शिक्षणाचे वर्ग सुरू केले, ते याच कारणाने. सुटीचा काळ निवडल्यामुळे शाळेतील नोकरी सांभाळून शिक्षकास तेथे येता येई. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने भारतीय व्यायामप्रकार व कबड्डी यांची प्रात्यक्षिके तेथे दाखविली. वस्तादाकडून पठ्ठ्याकडे जाणारी विद्या अल्प मुदतीच्या वर्गात शिकवावयाची, किंवा परक्या प्रेक्षकांपुढे मांडावयाची, तर तिचे भाग पाडावे लागतात, भागांना नावे द्यावी लागतात आणि क्रम ठरवावा लागतो. आखाड्यातील विद्येस पाठ्यक्रमाची भाषा मिळू लागली ती या गरजेतून.

या काळात वऱ्हाड मध्यप्रांतास जोडलेला होता, ही गोष्ट विसरता येत नाही. मुंबई इलाख्यात स्वामी कुवलयानंद यांच्या अध्यक्षतेखाली १९३७ मध्ये शारीरिक शिक्षणाविषयी समिती नेमली गेली आणि १९३८ मध्ये कांदिवली येथे सरकारी प्रशिक्षण संस्था निघाली. ही घडामोड वऱ्हाडाच्या सरहद्दीपलीकडची होती. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. पश्चिमेकडे सरकारी समितीने जे काम हाती घेतले, ते वऱ्हाडात एका लोकसंस्थेने आधीच आरंभिले होते.

तिसरा थर आज्ञांचा. स्वातंत्र्यानंतर लष्करी आज्ञा हिंदीत आल्या, आणि १९४८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय छात्रसेनेमार्फत त्या माध्यमिक शाळांत पोहोचल्या. मराठी शाळेच्या मैदानावरही 'दाहिने मुड', 'तेज चल', 'थम' हेच ऐकू येते. या आज्ञांची घडण पाहण्यासारखी आहे. 'दाहिने' हा पूर्वार्ध सूचना देतो आणि 'मुड' हा उत्तरार्ध क्रिया घडवितो. दोहोंमधील विराम विद्यार्थ्यांना तयार होण्यास अवधी देतो. शिवाय 'मुड', 'चल', 'थम' ही सर्व रूपे एकवचनी आहेत. पन्नास विद्यार्थ्यांना उद्देशून एकवचनी आज्ञार्थ वापरला जातो. म्हणजे व्याकरणाच्या दृष्टीने तो वर्ग एकच देह ठरतो.

या भाषेने केलेले काम लहान नव्हे. आखाड्याची दारे मुलींना सामान्यतः बंद होती; ज्याच्या घरी खुराकाची सोय नव्हती त्याला ती उघडी असूनही उपयोगाची नव्हती. आज्ञेच्या भाषेमुळे एक शिक्षक सर्व मुलामुलींना एकाच वेळी व्यायाम देऊ शकला. व्यायाम हा हौशी बलोपासकाचा छंद न राहता प्रत्येक विद्यार्थ्याचा हक्क झाला, आणि गावोगावच्या शाळांच्या दृष्टीने ही मोठीच प्राप्ती होय.

परंतु जे आज्ञेत बसले नाही ते मागे राहिले. पाठीचा बाक कोणाचा चुकला आहे, श्वास कोणाचा तुटतो आहे, हे पाहून हात लावून दुरुस्त करण्याची वस्तादाची रीत समूहाच्या तासात टिकली नाही. दुसरे नुकसान आरोग्याच्या बाजूचे. आखाड्यात मेहनत, खुराक, स्नान व विश्रांती ही एकाच दिनक्रमाची अंगे होती. शाळेत त्यांची फाळणी झाली : मेहनत मैदानावर गेली आणि खुराक 'समतोल आहार' होऊन पुस्तकात गेला. 'खुराक' हा शब्द कृती सांगतो, 'समतोल आहार' वर्णन सांगतो. जो विद्यार्थी जीवनसत्त्वांची नावे लिहितो, त्यास आपल्या घरच्या ज्वारीच्या भाकरीचा आणि तुरीच्या वरणाचा आपल्या दमसासाशी काय संबंध आहे, हे विचारणारा कोणी उरला नाही. 'आरोग्य व शारीरिक शिक्षण' या नावातील 'व' हे उभयान्वयी अव्यय ही फाळणी सांधू पाहते. मात्र सांधा कागदावर आहे तितका मैदानावर दिसत नाही.

या संदर्भात 'तालीम' या शब्दाच्या अर्थसंकोचाकडे पुन्हा वळले पाहिजे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या परिषदेत गांधीजींनी जी शिक्षणयोजना मांडली, ती पुढे 'नई तालीम' या नावाने ओळखली गेली. तेथे 'तालीम' म्हणजे हात, बुद्धी व मन यांचे एकत्र शिक्षण. मराठीत हाच शब्द केवळ शरीराच्या मेहनतीपुरता आणि ती करण्याच्या जागेपुरता आकुंचित झाला होता. मग शरीराकरिता 'शिक्षण' हवे असे जेव्हा वाटले, तेव्हा इंग्रजीवरून नवा जोडशब्द घडवावा लागला. ज्या शब्दाचा अर्थच शिक्षण होता, तो हाताशी असताना हे घडले. शरीर घडविणे आणि शिकणे ही दोन भिन्न कामे होत, अशी समाजाची धारणा झाल्याचेच हे चिन्ह मानावे लागते.

नांदगाव खंडेश्वरच्या मैदानावरील तासाचे मोल या इतिहासाच्या प्रकाशात ठरवावयास हवे. हा विषय श्रेणीचा असल्यामुळे परीक्षा जवळ आली की त्याचा तास सहज दुसऱ्या विषयास दिला जातो. तो तास गेला तर रांग आणि आज्ञा तर जातातच. पण शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अमरावतीस सुरू झालेला, आखाड्यातील विद्या प्रत्येक मुलापर्यंत नेण्याचा उद्योगही तेथे थांबतो. त्या उद्योगाचा पहिला अर्धा भाग, म्हणजे सर्वांना एकत्र उभे करणे, साधला आहे. रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाकडे वस्तादाच्या नजरेने पाहणे, हा दुसरा भाग अद्याप शिक्षकाच्या वाट्याचा आहे.