यंत्रमानवाचा अपंग चालक आणि जपानमधील जायबंदी सैनिकांचा इतिहास : ‘गंडम थंडरबोल्ट’मधील डॅरिल लॉरेन्झ या पात्राच्या संदर्भात

प्रस्तावना :

युद्धाचा इतिहास लिहिताना सामान्यतः विजय, पराभव, तह आणि मृतांची संख्या यांची नोंद घेतली जाते. युद्धातून जिवंत परतलेला, परंतु हात, पाय अथवा दृष्टी गमावलेला सैनिक या नोंदीत क्वचितच आढळतो. धारातीर्थी पडलेल्याचे स्मारक उभारले जाते. जायबंदी सैनिकाचा प्रश्न मात्र निवृत्तिवेतन, रुग्णालय आणि पुनर्वसन या प्रशासकीय बाबींपुरता मर्यादित राहतो. आधुनिक जपानच्या इतिहासात ही गोष्ट विशेष ठळकपणे दिसते. 1945 च्या पराभवानंतर ज्या सैनिकांकडे पाहणे समाजाला नकोसे झाले, त्यांच्या प्रतिमा पुढे कथा, चित्रपट आणि ॲनिमे म्हणजे जपानी सचेतपट यांतून पुन्हा प्रकट झाल्या.

‘मोबाइल सूट गंडम थंडरबोल्ट’ या विज्ञानकथेतील डॅरिल लॉरेन्झ हे पात्र या दृष्टीने महत्त्वाचे आहे. दोन्ही पाय गमावलेला हा तरुण सैनिक प्रचंड युद्धयंत्र चालवतो आणि अखेरीस त्या यंत्रासाठीच आपला उरलेला हातही गमावतो. या पात्राची मुळे जपानमधील जायबंदी सैनिकांच्या इतिहासात कशी शोधता येतात, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे. कृत्रिम अवयव माणसासाठी असतो की राज्यसंस्थेच्या गरजेसाठी, हा या विवेचनातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

‘टाकाऊ सैनिक’ ते ‘पुन्हा सेवा’ :

रशिया-जपान युद्धात (1904-05) जपानचा विजय झाला, तरी हजारो सैनिक कायमचे अपंग होऊन परतले. निराधार जायबंदी सैनिकांसाठी 1906 मध्ये कायदा करून सरकारी आश्रम स्थापन करण्यात आला. त्या काळी अशा सैनिकांसाठी ‘हाइहेइ’ हा शब्द रूढ होता. त्याचा शब्दशः अर्थ ‘टाकाऊ झालेला सैनिक’ असा होतो. राष्ट्रासाठी शरीर झिजवलेल्या माणसाला राष्ट्राच्याच भाषेत टाकाऊ म्हटले जात होते, ही विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. याच युद्धात दोन्ही मुलगे गमावलेल्या जनरल मारेसुके नोगी यांनी हात तुटलेल्या सैनिकांसाठी एक कृत्रिम हात तयार करण्यात पुढाकार घेतला. सिगारेट धरणे, लेखणी पकडणे अशी साधी कामे त्या हाताने करता येत. सैनिकाला पुन्हा रणांगणावर पाठवणे हा त्यामागील हेतू नव्हता. त्याचे रोजचे जगणे थोडे सुसह्य व्हावे, एवढीच अपेक्षा होती.

1930 च्या दशकात ही दृष्टी बदलली. ‘हाइहेइ’ हा शब्द मागे पडून ‘शोइ गुनजिन’ म्हणजे ‘जखमी सैनिक’ हा सन्मानदर्शक शब्द रूढ झाला. 1937 मध्ये चीनबरोबर पूर्ण युद्ध सुरू झाल्यानंतर जखमींची संख्या झपाट्याने वाढली आणि 1938 मध्ये त्यांच्या देखभालीसाठी स्वतंत्र सरकारी यंत्रणा निर्माण करण्यात आली. रुग्णालयातील पांढऱ्या झग्यावरून या सैनिकांना ‘शुभ्रवस्त्रधारी वीर’ म्हटले जाऊ लागले. तरुणींनी त्यांच्याशी विवाह करावा, असा प्रचारही झाला. या काळातील घोषवाक्य होते ‘साइकी होको’, म्हणजे पुन्हा उभे राहा आणि पुन्हा सेवा करा. वैद्यकीय उपचार, कृत्रिम अवयव व व्यवसाय-प्रशिक्षण यांची सोय पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगली झाली, हे मान्य करावे लागते. परंतु या सोयींबरोबर एक अटही आली. अपंग शरीर सन्मानास पात्र ठरले, ते पुन्हा राष्ट्राच्या उपयोगी पडेल या अपेक्षेनेच.

या अधिकृत प्रतिमेला छेद देणारी एक कथा तत्पूर्वीच प्रसिद्ध झाली होती. रहस्यकथाकार एदोगावा राम्पो यांच्या 1929 मधील ‘इमोमुशी’ (सुरवंट) या कथेत दोन्ही हात, दोन्ही पाय, वाणी व श्रवणशक्ती गमावलेला एक लेफ्टनंट आणि त्याची पत्नी यांचे विदारक जीवन येते. गौरवपदकांचा त्या घरातील दैनंदिन यातनेशी काहीही संबंध उरत नाही. युद्धज्वर वाढत गेल्यावर 1939 मध्ये ही कथा पुस्तकातून वगळण्याचा आदेश देण्यात आला. हातपाय नसलेला सैनिक ‘पुन्हा सेवा’ करू शकत नव्हता. म्हणून साहित्यातही त्याला जागा उरली नाही, असे म्हणता येईल.

पराभवानंतरचे विस्मरण :

1945 नंतर परिस्थिती पूर्णतः पालटली. दोस्त राष्ट्रांच्या ताबाप्रशासनाच्या धोरणानुसार फेब्रुवारी 1946 मध्ये लष्करी निवृत्तिवेतने रद्द करण्यात आली. केवळ गंभीर अपंगत्व असलेल्यांना अत्यंत कमी केलेली रक्कम मिळत राहिली. काल जे ‘शुभ्रवस्त्रधारी वीर’ होते, ते आज त्याच पांढऱ्या झग्यात रेल्वेस्थानकांवर, रेल्वेच्या डब्यांत आणि मंदिरांच्या प्रवेशद्वारांपाशी भीक मागताना दिसू लागले. कोणी हार्मोनिका वाजवी, तर कोणी नुसता दानपेटी समोर ठेवून बसे. वस्त्र तेच राहिले, अर्थ मात्र उलटा झाला.

1949 मध्ये शारीरिक अपंगांच्या कल्याणाचा कायदा संमत झाला. सैनिक व नागरिक असा भेद न करणारा हा कायदा जपानच्या समाजकल्याणाच्या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा मानला जातो. 1952 मध्ये जपानला पुन्हा सार्वभौमत्व प्राप्त झाल्यावर जायबंदी सैनिक व मृतांचे कुटुंबीय यांच्यासाठी साहाय्याचा कायदा झाला आणि 1953 मध्ये लष्करी निवृत्तिवेतने पुन्हा सुरू करण्यात आली. मात्र हा न्याय सर्वांना मिळाला नाही. जपानच्या सैन्यात लढलेल्या कोरियन सैनिकांचे जपानी नागरिकत्व 1952 मध्ये संपुष्टात आल्याने ते या लाभांपासून वंचित राहिले. दिग्दर्शक नागिसा ओशिमा यांनी 1963 मध्ये दूरचित्रवाणीसाठी तयार केलेल्या ‘विस्मृत शाही सेना’ या अनुबोधपटात याच माणसांची व्यथा मांडली. डोळे व हात गमावलेले हे सैनिक पांढरे झगे घालून टोकियोच्या रस्त्यांवर न्याय मागताना त्यात दिसतात.

पुढच्याच वर्षी, 1964 मध्ये, टोकियोत ऑलिम्पिक आणि त्यापाठोपाठ पॅरालिम्पिक स्पर्धा झाल्या. समृद्धीकडे निघालेल्या शहराला युद्धाची उघडी जखम नकोशी वाटणे स्वाभाविक होते.

गंडम आणि यंत्रातला माणूस :

जपानी यंत्रमानवकथांचा युद्धाशी संबंध जुना आहे. मित्सुतेरू योकोयामा यांच्या 1956 पासूनच्या ‘तेत्सुजिन 28’ या चित्रकथेतील यंत्रमानव हा मुळात युद्धकाळातील जपानी लष्कराचा गुप्त प्रकल्प आहे. गो नागाई यांच्या ‘माझिंगर झेड’ने (1972) यंत्राच्या आत बसणाऱ्या चालकाची कल्पना लोकप्रिय केली. 1979 मध्ये योशियुकी तोमिनो यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘मोबाइल सूट गंडम’ या 43 भागांच्या मालिकेने या प्रकाराला वेगळे वळण दिले. या मालिकेत पृथ्वीचे संघराज्य आणि अंतराळवसाहतींतील झिऑन राज्य यांच्यातील युद्धात निम्मी मानवजात नष्ट होते. यंत्रमानव येथे जादूचा रक्षक नसून कारखान्यात तयार होणारे शस्त्र आहे. चालक थकतात, घाबरतात आणि मरतात. मात्र मूळ मालिकेच्या केंद्रस्थानी जायबंदी सैनिकाला स्थान मिळाले नव्हते.

डॅरिल लॉरेन्झ : शरीर आणि शस्त्र :

यासुओ ओहतागाकी यांची ‘थंडरबोल्ट’ ही चित्रकथा 2012 मध्ये सुरू झाली. को मात्सुओ यांच्या दिग्दर्शनाखाली तिचे ॲनिमे रूपांतर डिसेंबर 2015 पासून प्रदर्शित झाले आणि 2016 मध्ये ‘डिसेंबर स्काय’ हा चित्रपट आला. कथेचा काळ मूळ गंडम युद्धाचाच आहे. उद्ध्वस्त वसाहतींच्या अवशेषांमध्ये सतत विजा चमकणाऱ्या प्रदेशात झिऑनची एक नेमबाज तुकडी तैनात आहे. तिचे नाव ‘लिव्हिंग डेड’, म्हणजे जिवंत मृत. या तुकडीतील सैनिक हातपाय गमावलेले आहेत. कृत्रिम अवयवांना येणाऱ्या मज्जासंदेशांद्वारे यंत्र कसे चालवता येईल, या प्रयोगाचे ते साधन आहेत. ‘टाकाऊ सैनिक’ आणि ‘जिवंत मृत’ या दोन शब्दप्रयोगांमध्ये शतकाहून अधिक अंतर असले, तरी त्यांचा आशय जवळजवळ एकच आहे.

डॅरिल हा या तुकडीतील कुशल नेमबाज होय. त्याचा प्रतिस्पर्धी आयो फ्लेमिंग धडधाकट, उच्चकुलीन आणि युद्धाची नशा चढलेला आहे. संगीताच्या योजनेतही हा विरोध जपलेला आहे. आयोच्या प्रसंगांना उसळता जाझ आहे, तर डॅरिलच्या प्रसंगांना जुन्या वळणाची हळुवार प्रेमगीते. चकमकीत डॅरिल एक हात गमावतो. त्यानंतर ‘सायको झाकू’ हे नवे यंत्र तुकडीकडे येते. चालकाच्या मज्जासंस्थेशी थेट जोडले जाणारे हे यंत्र चालवण्यासाठी चारही अवयव नसलेला चालक हवा असतो. डॅरिलचा उरलेला हात शाबूत असतो. तो शस्त्रक्रियेने काढला जातो.

संपूर्ण कथेचे मर्म या शस्त्रक्रियेत आहे. येथे कृत्रिम अवयव हरवलेल्या अवयवाची जागा घेत नाही. तो यावा म्हणून जिवंत अवयव काढला जातो. नोगी यांच्या कृत्रिम हाताचा हेतू माणसाला पूर्णत्वाच्या जवळ नेण्याचा होता. ‘सायको झाकू’मध्ये पूर्णत्व यंत्राला मिळते आणि माणूस त्याचा सुटा भाग बनतो. ‘साइकी होको’ या घोषणेतील तर्क शेवटापर्यंत नेल्यास तो कोठे पोहोचेल, याचे हे कल्पित चित्र आहे. तुकडीतील शास्त्रज्ञ कार्ला मिचम हिचे डॅरिलवर प्रेम आहे आणि याच प्रयोगाची ती एक शिल्पकारही आहे. शुश्रूषा आणि शोषण एकाच हाताने घडू शकतात, हे तिच्या मानसिक कोसळण्यातून सूचित होते.

तथापि डॅरिलला केवळ बळी ठरवणे एकांगी ठरेल. यंत्राचे अवयव त्याला स्वतःच्या शरीरासारखे वाटू लागतात. जमिनीवर न लाभणारी मोकळीक त्याला अंतराळात लाभते. याच यंत्राच्या बळावर तो आयोच्या गंडमचा पराभव करतो. प्रत्यक्ष इतिहासातही जायबंदी सैनिकांना केवळ दया नको होती. त्यांना काम, प्रतिष्ठा आणि संघटना हवी होती. डॅरिलच्या आनंदाला खोटे म्हणता येत नाही. परंतु तो आनंद युद्ध चालू असेपर्यंतच उपलब्ध आहे, ही त्यातील खरी शोकांतिका होय. शांततेच्या काळात त्याच्यासाठी कोणते स्थान आहे, याचे उत्तर झिऑनकडे नाही. 1946 मध्ये ते जपानकडेही नव्हते.

एक तुलना : मिकाझुकी ऑगस :

ऑक्टोबर 2015 मध्ये सुरू झालेल्या ‘आयर्न-ब्लडेड ऑर्फन्स’ या दुसऱ्या गंडम मालिकेशी येथे तुलना करता येते. तात्सुयुकी नागाई दिग्दर्शित आणि मारी ओकादा यांच्या लेखनाने साकारलेल्या या मालिकेत मिकाझुकी ऑगस हा अनाथ बालसैनिक पाठीच्या कण्यात बसवलेल्या उपकरणाद्वारे यंत्राशी जोडला जातो. जास्त शक्ती मिळवण्याच्या मोबदल्यात त्याचा उजवा हात व उजवा डोळा आणि पुढे शरीराचा आणखी भाग निकामी होतो. यंत्राशी जोडलेला असतानाच हा भाग पुन्हा हालतो. या प्रणालीचे नाव ‘आलयविज्ञान’ असे आहे. असंग व वसुबंधू यांच्या योगाचार बौद्ध परंपरेतील, सर्व संस्कारांचे बीज साठवणाऱ्या मूलविज्ञानाची ही संकल्पना चीनमार्गे जपानला पोहोचली होती. मुक्तीच्या विचारातील ही संज्ञा येथे दास्याच्या साधनाला दिलेली आहे. डॅरिलचे अपंगत्व युद्धाचा परिणाम आहे, तर मिकाझुकीचे अपंगत्व ही युद्धशक्तीची किंमत आहे. दोघांच्याही बाबतीत शरीराची उपयुक्तता दुसरे कोणी ठरवते.

निष्कर्ष :

जपानमधील जायबंदी सैनिकांची राष्ट्रीय संघटना 1952 मध्ये स्थापन झाली होती. सभासदांच्या वार्धक्यामुळे ती 2013 मध्ये विसर्जित करण्यात आली. त्यांच्या आठवणी जतन करणारे ‘शोकेइ-कान’ हे संग्रहालय टोकियोत 2006 मध्ये सुरू झाले. ‘इमोमुशी’वर आधारित कोजी वाकामात्सु यांचा चित्रपट 2010 मध्ये आणि ‘थंडरबोल्ट’ 2012 मध्ये आले. या घटनांमध्ये थेट कार्यकारणभाव दाखवता येत नाही. तरीही प्रत्यक्ष साक्षीदार अस्तंगत होत असताना त्यांची प्रतिमा कलाकृतींमधून परतावी, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदवण्यासारखी आहे.

जुलै 2016 मध्ये सागामिहारा येथील अपंगांच्या निवासी संस्थेत एका माजी कर्मचाऱ्याने 19 जणांची हत्या केली. अशा व्यक्तींचे जगणे निरुपयोगी आहे, असे त्याचे म्हणणे होते. उपयुक्ततेवरून माणसाचे मोल ठरवण्याची वृत्ती ‘हाइहेइ’ या शब्दाबरोबर संपली नाही, हे या घटनेने दाखवून दिले. ‘पुन्हा सेवा’ ही घोषणा सन्मानाची वाटत असली, तरी तिचा पायाही हाच होता. अपंगांसाठी निर्माण होणाऱ्या तंत्रज्ञानाचे मूल्यमापन करताना ते किती प्रगत आहे, यापेक्षा ते कोणाच्या गरजेसाठी आहे आणि त्याचा वापर थांबवण्याचा अधिकार वापरणाऱ्याकडे आहे काय, हे प्रश्न आधी विचारले जाणे आवश्यक आहे. डॅरिल लॉरेन्झला ते कोणी विचारले नाहीत.