खरखराटाचा दरवान

एडविन आर्मस्ट्राँग यांना १९३३ साली ज्या एफएम पद्धतीचे पेटंट मिळाले, तिच्या स्वच्छ ध्वनीचे कौतुक यथार्थच होते. परंतु समोरच्या केंद्राची वाहक लहर थांबली, की तापल्या तव्यावर पाणी शिंपडावे तसा चर्र असा अखंड खरखराट ग्राहकयंत्रातून उसळे. १९४० च्या सुमारास प्राध्यापक डॅनियल नोबल यांनी कनेक्टिकट राज्याच्या पोलीस दलासाठी राज्यभर दुतर्फा एफएम यंत्रणा उभारली. अशा गस्तीच्या मोटारीत, हुकुमाची वाट पाहत बसणाऱ्या शिपायाला हा उपद्रव केवढा असह्य होत असेल!

त्यावरचा उपाय म्हणजे स्क्वेल्च मंडल. मनुष्याचे बोलणे समजण्यास सुमारे ३०० ते ३००० हर्ट्झचा पट्टा पुरतो. त्याच्या वरचा निव्वळ खरखराट गाळणीने वेगळा काढून, त्याचे एकदिश विद्युद्दाबात रूपांतर करून, तोच दाब ध्वनिवर्धक नळीच्या जाळीवर ऋण भार म्हणून ठेवला, की कर्णा मुका होतो. आणि वाहक लहर येताच खरखराट शमून, भार उतरून, शब्दांची वाट मोकळी होते. गोंगाटालाच गोंगाटाचा दरवान नेमण्याची ही युक्ती मला अत्यंत मनोहर वाटते. मात्र या मंडलाची खुंटी पिळायची ती खरखराट जेमतेम मावळेपर्यंतच. केसभर अधिक पिळली, तर दूरच्या गाडीची क्षीण हाकही दाराबाहेरच राहते.