नागपूर ते जेद्दा : अंतर किती, वेळ किती?

हजचा मोसम आला की राळेगावात कोणीतरी विचारतोच, "सर, नागपूरहून जेद्दा किती दूर?" हवाई अंतर सुमारे ४,१२० किलोमीटर आणि थेट विमानाला साधारण पावणेसहा तास. पण सकाळी सहाला निघालेले विमान तिकडच्या घड्याळात सव्वानऊलाच उतरते, कारण सौदीची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे.

नकाशा उघडून बघा. नागपूर आणि मक्का दोन्ही २१ ते २१.५ अंश उत्तर अक्षांशाच्या पट्ट्यात आहेत. तरी नागपूरचा किब्ला नेमका पश्चिमेला नाही, तो सुमारे आठ अंश उत्तरेकडे झुकतो. पृथ्वी गोल आहे, जवळची वाट तशीच वळते. (भूगोल माझा विषय नाही, पण वर्गात हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

आपल्या पणजोबांचा हिशेब वेगळा होता. आधी बैलगाडीने वर्धा, मग रेल्वे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला होता. मुंबईत साबू सिद्दीक मुसाफिरखान्यासारख्या ठिकाणी मुक्काम, आणि तिथून जहाज. मुंबई ते जेद्दा समुद्रमार्ग सुमारे २,३०० सागरी मैल, म्हणजे ४,२६० किलोमीटर. आजच्या नागपूरच्या हवाई अंतराहून फार जास्त नाही, पण जुन्या जहाजांना बारा-पंधरा दिवस लागत. शिवाय १८८२ पासून येमेनच्या किनाऱ्याजवळ कामरान बेटावर यात्रेकरूंना विलगीकरणासाठी उतरवत. यलमलम समोर आले की जहाजावरच एहराम बांधायचा. आता विमानात मिकातची सूचना होते तेव्हा बहुतेक हाजी घरून किंवा हज हाऊसमधून एहराम बांधूनच आलेले असतात.

मुघल लाइनची जहाजे कितीतरी घरांच्या आठवणीत आहेत. ही जलवाहतूक १९९५ पासून बंद झाली. दिवस वाचले, हे खरेच. पण डेकवर चटई टाकून जाणाऱ्या गरिबाची वाटही त्याबरोबर गेली. हजचे अनुदान दहा वर्षांत बंद करा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितले आणि २०१८ मध्ये ते थांबले.

आता खरा प्रश्न अंतराचा नाही, कोणत्या विमानतळावरून जायचे याचा आहे. मुंबई–जेद्दा हवाई अंतर सुमारे ३,५२० किलोमीटर, म्हणजे नागपूरहून सहाशे किलोमीटर जास्त. पण २०२३ मध्ये नागपूरहून जाणाऱ्या हाजीला मुंबईपेक्षा साठ हजारांहून अधिक रुपये जास्त मोजावे लागले. किलोमीटरला शंभर रुपये! प्रत्येक विमानतळाचे भाडे विमान कंपन्यांच्या निविदेवर ठरते, किलोमीटरवर नाही, हे मला समजते. शेत विकून हप्ता भरणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याला कसे समजवावे, ते समजत नाही.

मुंबईहून जा, स्वस्त पडेल, असे सांगणारे भेटतात. २०२२ मध्ये तर देशभरात दहाच विमानतळ ठेवले होते, त्यात नागपूर नव्हतेच. तेव्हा राळेगावच्या हाजीला वर्ध्याहून रात्रभर रेल्वेत बसून मुंबई गाठावी लागली, आणि त्या प्रवासाला जेद्दाच्या विमानापेक्षा दुप्पट वेळ लागला.