दक्षिण गंगोत्री आणि डॉ. कासिम

मागच्या एप्रिलची गोष्ट. अकोल्याचं ऊन आपल्याला ठाऊकच आहे. सकाळची शाळा असूनही दहा वाजताच वर्गावरचे पत्रे तापले होते. भूगोलाचे सर रजेवर, म्हणून नववीचा तास माझ्याकडे आला. मी मुळात उर्दू-मराठीचा शिक्षक. नकाशा उलगडला आणि तळाच्या पांढऱ्या पट्ट्यावर बोट ठेवून म्हणालो, हा कुत्बे-जुनूबी, म्हणजे दक्षिण ध्रुवाचा मुलूख.

मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "सर, वहाँ अपना कोई गया क्या?"

त्याच्या "अपना"चा अर्थ मला कळला. मी उत्तर दिलं, "गया था. और लीडर बन के गया था."

डॉ. सय्यद जहूर कासिम. जन्म 1926, अलाहाबाद. शिक्षण अलीगढला. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे ते संचालक होते. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम त्यांच्याच नेतृत्वाखाली 6 डिसेंबर 1981 रोजी गोव्याच्या मार्मागोवा बंदरातून निघाली. 'पोलर सर्कल' हे भाड्याने घेतलेलं नॉर्वेचं जहाज, माणसं 21. निघताना फारसा गाजावाजा केला नव्हता. 9 जानेवारी 1982 रोजी ते बर्फावर उतरले. मोहिमेचं नाव होतं 'ऑपरेशन गंगोत्री'.

1983-84 च्या तिसऱ्या मोहिमेत तिथे पहिलं भारतीय ठाणं उभं राहिलं, 'दक्षिण गंगोत्री'. त्या मोहिमेत सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासोबत आपल्या विदर्भात, नागपुरात जन्मलेल्या अदिती पंत होत्या. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या या पहिल्या स्त्रिया.

आता त्या भागातली नावं बघा. मुलूख क्वीन मॉड लँड, किनारा प्रिन्सेस अॅस्ट्रिड कोस्ट. दोन्ही नावं नॉर्वेच्या राजघराण्यातली. जवळची उघडी, खडकाळ जमीन म्हणजे शिरमाकर ओअॅसिस. 1938-39 च्या जर्मन मोहिमेतल्या एका वैमानिकाला ती विमानातून दिसली, म्हणून त्याचं नाव. ओअॅसिस म्हणजे आपलं नखलिस्तान, पण इथे खजुराचं एक झाड नाही. आहेत ते बोडके खडक आणि शंभराहून जास्त तळी.

दक्षिणेकडून खंडाचा अफाट बर्फ सरकत येतो आणि या बुटक्या टेकड्यांना अडतो. टेकड्यांमधून खाली उतरणाऱ्या त्याच्या एका जिभेचं नाव दक्षिण गंगोत्री हिमनदी. तिथून उत्तरेला बर्फाचा तरंगता थर आणि शंभरेक किलोमीटरवर खुला समुद्र. हिमालयातल्या गंगोत्रीतून निघालेलं पाणी शेतं भिजवत जातं. या गंगोत्रीला काठावर ना शेत, ना गाव, ना यात्रेकरू. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची माणसं 1983 पासून तिचं टोक मोजत आली आहेत. ते दरवर्षी सरासरी मीटरभराच्या आतच, पण मागे सरकतंय.

ठाणं मात्र टिकलं नाही. ते तरंगत्या बर्फावर बांधलं होतं, वर्षागणिक बर्फाखाली गाडलं गेलं. 1990 च्या सुमारास ते सोडावं लागलं. त्याच्या जागी शिरमाकरच्या पक्क्या खडकावर 'मैत्री' उभं राहिलं. दक्षिण गंगोत्री हे नाव हिमनदीने सांभाळलं.

तास संपल्यावर मला स्वतःचीच थोडी लाज वाटली. वीसेक वर्षं शिकवतोय, पण कासिमसाहेबांचं नाव वर्गात पहिल्यांदाच घेतलं, तेही एका पोराने विचारलं म्हणून. आपल्याला कोणी आठवत नाही, अशी तक्रार आपण करतो. आपण तरी किती जणांना आठवतो?

आणि दुसरी गोष्ट. सय्यद घराण्यातला माणूस ज्या मोहिमेचा प्रमुख होता, तिचं नाव गंगोत्री होतं. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. दूरच्या ओसाड जागी माणूस घरचंच नाव घेऊन जातो.

दुसऱ्या दिवशी त्या पोराने वहीत नकाशा काढून आणला. तळाशी उर्दूत लिहिलं होतं: दक्षिण गंगोत्री. 'गंगोत्री'चं स्पेलिंग चुकलं होतं. मी ते दुरुस्त केलं आणि खाली सही केली.