‘पुरातन’ उपचारांचें वय : जळगांव जामोदच्या निमित्तानें

सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशीं असलेलें जळगांव जामोद हें वऱ्हाडच्या पाईनघाटांतील जुनें गांव होय. ‘आईन-इ-अकबरीं’त परगण्याचें ठिकाण म्हणून त्याचा उल्लेख येतो. खानदेशांतील जळगांवाशीं घोटाळा होऊं नये म्हणून शेजारच्या जामोद गांवाचें नांव त्यास जोडलेलें आहे. उत्तरेस अरण्य व दक्षिणेस पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्टा, अशी याची स्थिति. या व शेजारच्या संग्रामपूर तालुक्यांत मूत्रपिंडाच्या विकारानें पीडित झालेले लोक बरेच आढळतात, व त्याचें कारण म्हणून विहिरींच्या खाऱ्या पाण्याकडे बोट दाखविलें जातें. अरण्यामुळें जडीबुटीची ख्याति आणि पाण्यामुळें रोग्यांची वाण नाहीं, अशा ठिकाणीं ‘पांच हजार वर्षांचा नैसर्गिक उपचार’ विकणारांस गिऱ्हाईक शोधावें लागत नाहीं.

वैद्यकाच्या गुणदोषांचा निर्णय वैद्यांनीं करावा. परंतु एखादी गोष्ट पांच हजार वर्षांची आहे असें कोणी म्हणूं लागला, कीं तो विषय आपल्या मंडळींच्या कक्षेंत येतो. हें विधान औषधाविषयींचें नसून कालाविषयींचें आहे, व सनदेच्या किंवा महजराच्या कालाचा दावा आपण ज्या रीतीनें तपासतों त्याच रीतीनें तें तपासतां येतें.

प्रथम नाडीपरीक्षा घेऊं. मनगटावर तीन बोटें ठेवून सर्व रोग ओळखणें हीच आयुर्वेदाची आद्य खूण, असा आज सार्वत्रिक समज आहे. पण चरक, सुश्रुत व वाग्भट या तिन्ही संहितांत ही परीक्षा मुळींच नाहीं. ती प्रथम व्यवस्थित रूपानें दिसते ती शार्ङ्गधराच्या संहितेंत, म्हणजे इसवी सन १३०० च्या सुमारास. पाऱ्याच्या व धातूंच्या भस्मांची तीच कथा. ‘रसरत्नसमुच्चया’सारखे ग्रंथ मध्ययुगांतील आहेत, संहिताकालांतील नव्हेत. चोपचिनीचें उदाहरण तर याहून बोधप्रद आहे. सोळाव्या शतकांतील भावमिश्रानें ‘फिरंग’ नांवाचा रोग वर्णिला व त्यावर चोपचिनी सांगितली. रोग फिरंग्यांबरोबर आलेला आणि औषध चीनमधून आलेलें! गोव्यांत १५६३ सालीं छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या ग्रंथांतही या मुळीची चर्चा आहे. हा ओर्ता अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारींही उपचारास जात असे. भावमिश्रानें नवा रोग नव्या नांवानें लिहिला, नवें औषध घेतलें, व त्यास ऋषींचें नांव चिकटविलें नाहीं. आजच्या जाहिरातदारापेक्षां तो अधिक प्रामाणिक इतिहासकार होता असें म्हणण्यास हरकत नाहीं.

मृत्तिका-लेप व कटिस्नान यांची वंशावळ आणखी आश्चर्याची आहे. पोटावर ओल्या मातीची पट्टी ठेवण्याचा उपचार ‘भारतीय ऋषींचा’ म्हणून सांगितला जातो. वास्तविक आजचा प्रचारांतील प्रकार लाइप्झिगचा लुई कूने व हार्झ पर्वतांतील आडोल्फ यूस्ट या दोन जर्मनांकडून आलेला आहे. यूस्टचें निसर्गाकडे परतण्याविषयींचें पुस्तक १८९६ सालचें. यंत्रयुगास कंटाळलेल्या युरोपियनांची ती हळहळ होती. गांधीजींनीं हें ऋण कधीं लपविलें नाहीं. आत्मचरित्रांत त्यांनीं यूस्टच्या पुस्तकाचा स्पष्ट निर्देश केला आहे. १९४६ च्या मार्चांत ते पुण्याजवळील उरुळी कांचन येथें राहिले व तेथें निसर्गोपचार आश्रम उभा राहिला. जर्मन नांवें पुसून तेथें ‘वैदिक’ शब्द लिहिण्याचें काम पुढील प्रचारकांचें आहे. एखाद्या दस्तऐवजांतील मूळ नांव खरवडून दुसरें घातलेलें आढळल्यास आपण त्यास काय म्हणतों हें वाचकांस सांगणें नको.

‘सातपुड्याच्या आदिवासींचें गुप्त औषध’ या शब्दांतही असाच लोप आहे. जामोदच्या आसपास निहाल लोक राहतात. त्यांच्या निहाली भाषेचें नातें कोणत्याही ज्ञात भाषाकुलाशीं जुळत नाहीं, व ती बोलणारे सुमारें दोन-अडीच हजारच उरले आहेत. पुडीवर आदिवासीचें चित्र छापतात. वनस्पतीचें निहाली नांव छापीत नाहींत.

हा केवळ पंडिती वाद राहिला असता तर त्यावर इतकी शाई खर्चिली नसती. २००४ सालीं अमेरिकेंतील वैद्यक संघाच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या तपासणींत, बोस्टन परिसरांतील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकीं १४ मध्यें शिसें, पारा किंवा सोमल सांपडला. शिसें व पारा दोन्ही मूत्रपिंडास घातक आहेत. बेल्जममध्यें कृश होण्यासाठीं दिलेल्या चिनी वनौषधींत आपल्या ईश्वरीच्या जातीची वनस्पति मिसळल्यामुळें शंभरांवर लोकांचीं मूत्रपिंडें निकामी झालीं. त्याची वार्ता १९९३ सालीं प्रथम प्रसिद्ध झाली. ती वनस्पतिही नैसर्गिकच होती. ज्या तालुक्यांत हेंच इंद्रिय आधीं दुबळें झालेलें आहे, तेथें ‘निसर्गाचें आहे, अपाय होणार नाहीं’ हें आश्वासन ऐकून रोगी रक्ततपासणी लांबणीवर टाकतो, आणि पुढें यंत्रानें रक्त शुद्ध करून घेण्याची पाळी येते.

याविषयीं वाग्भटाचें मत पाहण्यासारखें आहे. ‘अष्टांगहृदया’च्या शेवटच्या अध्यायांत तो म्हणतो त्याचा आशय असा: ऋषिप्रणीत म्हणूनच ग्रंथ प्रिय मानावयाचा तर चरक-सुश्रुत सोडून भेलादिकांचेच ग्रंथ कां वाचीत नाहीं? जें सुभाषित असेल तें घ्यावें; वक्ता कोण यामुळें द्रव्याच्या गुणांत फरक पडत नाहीं. जुन्या नांवाचा आधार मागणारांस हें उत्तर त्या परंपरेंतूनच, हजार वर्षांहून अधिक पूर्वी, मिळालेलें आहे.

वऱ्हाडांतील घराण्यांच्या दप्तरांत वैद्यकाचीं बाडें असतात. काढे, मंत्र, घोड्यांचीं औषधें व उधारीची टांचणें त्यांत एकत्र मिळतात. अशीं बाडें बाळगणारांनीं नकल करतांना कागद, शाई, लेखनाचा शक व नकलकाराचें नांव आधीं टिपावें, आणि पाठाशेजारीं मागाहून दुसऱ्या हातानें लिहिलेलें ‘प्राचीन’ हें विशेषण वेगळें दाखवावें.